रिक्षाचं मागचं चाक

ऊन उतरायला लागलं तरी कुत्रा मुतला नव्हता. बदलापूरच्या डॉक्टरांनी त्याचा मुतखडा काढला होता आणि त्याच सकाळी लघवीची नळी काढून त्याला घरी पाठवला होता. निघताना ते म्हणाले, "आजी, संध्याकाळपर्यंत स्वतःहून झाली पाहिजे. नाहीतर लगेच परत आणा." परत म्हणजे पुन्हा नळी, पुन्हा भूल. म्हातारं जनावर. त्यातून उठेल याची खात्री ते देत नव्हते.

घरात तो कधीच करत नाही. म्हणून सुनेने आणि मी त्याला जुन्या चादरीच्या झोळीत घालून बाहेर नेला. विजेचा खांब दाखवला. गटाराची कड दाखवली. शेवटी शेजारणीच्या तुळशीपाशीसुद्धा नेला, देव माफ करो. पोट फुगलेलं, पाय लटपटतायत, पण नाही म्हणजे नाही. सून रडायला लागली.

मी म्हटलं, "तू गाळून काय उपयोग? पाणी त्याने गाळायचंय."

तेवढ्यात पाहिलं, तो सारखा भिंतीकडच्या मोकळ्या जागेकडे बघत होता. तिथे आमच्या चाळीतला रिक्षावाला रात्री रिक्षा लावतो. रोज सकाळी कुत्रा त्या रिक्षाच्या मागच्या चाकावर पाय वर करतो. रोज रिक्षावाला बोंबलतो, "ओ मावशी, आला बघा तुमचा म्हातारा बोहनी करायला!" मग मी बादलीभर पाणी ओतून चाक धुऊन देते. कितीतरी वर्षं हेच चाललंय बुवापाड्यात.

मी रिक्षावाल्याला फोन लावला. "कुठे आहेस?"

"पालेगावचं भाडं घेतलंय. का?"

"आधी इकडे ये. कुत्र्याला मुतायचंय."

पलीकडून ब्रेक दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मावशी, आता घरपोच पाहिजे का?"

"नाही मुतला तर मरेल रे तो."

"आलो."

आला तो पॅसेंजरसकट. मागे एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. तिने विचारलं, "कोणाला दवाखान्यात न्यायचंय?"

"नाही ताई," रिक्षावाला म्हणाला, "फक्त चाक दाखवायचंय."

कुत्र्याला खाली ठेवला. त्याने चाक सगळीकडून हुंगलं. पाय वर करायला गेला, टाके ओढले गेले, कण्हला. मी मागून त्याचं बूड धरलं. रिक्षावाला त्याच्यासमोर उकिडवा बसला. इतकी वर्षं शिव्या घालणारा माणूस, आणि आता म्हणतोय, "सोड राजा, सोड. सगळं सोड."

कुत्रा चाकाला टेकला आणि त्याने सोडलं. संपेचना. पॅसेंजर बाईने बाहेर वाकून टाळ्या वाजवल्या. सून परत रडली. तिला कारण लागत नाही.

मी सवयीने बादली आणली. रिक्षावाला म्हणाला, "राहू द्या मावशी, पालेगाव येईपर्यंत सुकेल."

"काही नको," आतली बाई म्हणाली, "धुवा आधी."

मी धुतलं.

पुढे टाके निघाले. रिक्षावाला पुन्हा रोज सकाळी बोंबलतो, मी पुन्हा बादली घेऊन जाते. कुत्रा जगला.