धाकटीच्या हातची कोरफड

इस्त्रीच्या दुकानात चटका बसणं रोजचंच. म्हणून थोरलीने दाराशी रंगाच्या जुन्या डब्यात कोरफड लावली होती. कोणाचं बोट भाजो, कोणाचा गुडघा खरचटो, सगळी गल्ली तिच्याकडेच यायची. गिऱ्हाइकं तिला कोरफडवाल्या काकू म्हणत आणि ती वरवर "काहीतरीच!" म्हणत मनातून फुलून जायची.

वरच्या मजल्यावर धाकटी जाऊ राहायला आली, तेव्हा थोरलीनेच मोठेपणा करून तिला एक पिल्लू उपटून दिलं. तेच नडलं. गच्चीतल्या उन्हात ते असं माजलं की पानं मनगटाएवढी झाली. इकडे डब्यातली कोरफड सावलीत किडकिडीतच. हळूहळू लोक जिना चढू लागले. "धाकटीचा हात हलका आहे हो," असं कोणीसं म्हणालं आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कहर म्हणजे तिचा नवरासुद्धा भाजलेलं बोट घेऊन वर गेला आणि चहा पिऊन आला!

मग तक्रारी सुरू झाल्या. वरची कोरफड लावली की खाज सुटते म्हणे. नवऱ्याच्या गेंड्याच्या कातडीला काही झालं नाही, पण बाकीचे खाजवत खाली परतले. खाजेचं कारण थोरलीला ठाऊक होतं. पिल्लू देताना नेमकं तेवढंच तिने पोटात ठेवलं होतं. आता ती आल्यागेल्याला पानामागून पान कापून द्यायची आणि वर ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. डब्यात नुसतं खोड उरलं, तरी तिचं समाधान होईना.

एका दुपारी धाकटीची पोर रडत दुकानात आली. खरचटलेल्या गुडघ्याभोवती लाल चट्टे उठले होते.

"मोठी आई, खूप खाजतंय गं."

सांगितलं तर गल्ली पुन्हा वर जाणार, हे थोरलीला दिसत होतं. तिने चडफडत गुडघा धुतला, पोरीला उचललं आणि जिना चढली.

"पान कापलं की उभं ठेवायचं. पिवळा चीक सगळा गळू द्यायचा. मग धुवायचं आणि साल काढायची. तो चीकच खाजतो."

"हे आधी का नाही सांगितलंत, ताई?"

"तू कुठे विचारलंस?"

धाकटी तिच्याकडे बघत राहिली.

लोक पुन्हा जिना चढू लागले. आणि थोड्याच दिवसांत थोरलीच्या उजव्या मनगटाला तापलेली इस्त्री टेकली. तिने हात नळाखाली धरला, पण डब्यात औषधालाही पान नव्हतं. दातओठ खात ती वर गेली.

धाकटीने पान कापून पेल्यात उभं केलं. "जरा थांबा, ताई. चीक गळू दे."

आता घाई कर म्हणायची सोय नव्हती. थोरली झोंबणारा हात धरून बसून राहिली. मग धाकटीने पान धुतलं, गर काढला आणि फुंकर घालत मनगटावर लावला. जन्मभर थोरलीने सगळ्यांना कोरफड लावली. स्वतःला मात्र डाव्या हाताने, कशीबशी. तिला कोणी लावून दिली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झोंबतंय का, ताई?"

"हो," थोरली म्हणाली.

किती हलका हात होता मेलीचा!