दसऱ्याला लिहिलेली तारीख

पौषातला मंगळवार, दुष्काळाचं वर्ष. हजर: आमच्या महिला सहकारी संस्थेच्या अध्यक्षबाई, मी सचिव आणि अन्न निरीक्षक. गैरहजर: सुवाच्य अक्षराची सभासद, ती ऊसतोडीला गेलेली. जाण्याआधी, दसऱ्यालाच, तिनं सगळी लेबलं त्या दिवसाची तारीख घालून लिहून ठेवली होती. लेबलावर मुदत दोन महिन्यांची, म्हणून काल कुटलेली शेंगदाणा चटणी कागदावर मुदत संपलेली ठरली.

"विक्री बंद," निरीक्षक म्हणाले.

"तारीख कोण वाचतंय, साहेब?" अध्यक्षबाई हसल्या. "चाखा की, लई ताजी हाय."

माझं डोकं तडकलं. "तारखेचा शिक्का आणा म्हणून तीनदा सांगितलं तुमाला! गावोगाव सत्कार घ्यायला येळ हाय, शिक्क्याला न्हाई!"

लेबलं मीही न वाचताच चिकटवली होती, याचा संताप वेगळाच. मांजरसुंब्याच्या ढाब्याची मागणी गेली; त्या वर्षी बायकांना तेवढंच काम होतं.

शिक्का अजून आणायचाच आहे.