चौतीस दात्यांचं चक्र

नवऱ्याने त्याच्या सायकलला मागे चौतीस दात्यांचं चक्र बसवून आणलं, तेव्हा मी त्याला परात म्हणाले. "ही परात घेऊन कुठं निघालात? गणपतीच्या जेवणाची कणीक मळायची आहे का?" तो हसला आणि चेनला तेल घालत बसला.

आमचं ठरलं होतं की दिवाळीनंतर सायकलवरून कोकणात उतरायचं आणि चार दिवसांनी गगनबावड्याचा घाट चढून परत यायचं. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. नियोजन माझ्याकडे होतं, कारण घरात ते नेहमी माझ्याकडेच असतं. मुक्काम, औषधं, दोन जादा ट्यूब, हातपंप, रेनकोट, सगळ्याच्या याद्या तयार होत्या. गिअर बदलणं मात्र माझ्या यादीत नव्हतं. माझ्या सायकलचं मागचं सगळ्यात मोठं चक्र अठ्ठावीस दात्यांचं. मागचं चक्र जितकं मोठं, तितका पायडल हलका आणि सायकल सावकाश, एवढं मला कळत होतं. पण परातीवर नवरा चढ चढताना मी पाहिला होता. पाय भराभर फिरतायत आणि सायकल जागची हलतेय की नाही अशी शंका यावी. दळण दळल्यासारखं. आमच्या मंगळवार पेठेतून सकाळी निघताना ओळखीच्या चार बायका दारात उभ्या असतात. त्यांच्यासमोर पन्हाळ्याच्या गप्पा मारणारी मी, मला असलं दळण नको होतं.

सरावासाठी एका रविवारी सगळं सामान लादून आम्ही दुपारी पन्हाळ्याकडे निघालो. पायथ्याच्या वाघबीळपर्यंत मी पुढे होते. खरा चढ लागला तसा नवरा शेजारून हळूहळू पुढे गेला. वर चहाच्या टपरीवर थांबतो, म्हणाला. दोन वळणं मी उभ्याने पायडल मारले. तिसऱ्या वळणावर पायडल खाली जाईना आणि सायकल आडवी व्हायच्या आत मी उतरले. सायकल ढकलत चालू लागले.

तेवढ्यात वरून एक पिकअप आली. मागे हिरव्या गवताचा भारा, पुढे साठीचा एक गडी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याने गाडी थांबवली आणि काच खाली घेतली.

"काय झालं ताई, पंक्चर?"

त्याने उत्तर माझ्या हातातच दिलं. मी म्हणाले, "हो, पंक्चर."

मला वाटलं, तो अरेरे म्हणेल आणि जाईल. पण खालचं पंक्चरचं दुकान आज बंद आहे, वरचं उघडं आहे, तिथं सोडतो, असं म्हणून तो गाडी वळवायला पुढच्या रुंद जागेपर्यंत गेला. मी नको म्हणून हात केला, तो त्याने पाहिला नाही. मागचं टायर तर टणक होतं. त्याने बोटाने दाबलं असतं तरी संपलं होतं. मी खाली बसले, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि हवा सोडून दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या घाईने काही बिघडवलं.

त्याने सायकल अलगद गवतावर आडवी ठेवली. गाडीत मी त्याला विचारलं, तुम्ही तर खाली घरी निघाला होता ना. म्हशींची धार काढायची वेळ झाली होती, तो म्हणाला. "थांबतील की म्हशी. त्यास्नी काय हापिस हाय?" मी हसले. माझ्या पिशवीत दोन ट्यूब, पॅच, पंप, सगळं होतं. पिशवी मी पायात सरकवली.

दुकान टपरीला लागूनच होतं. नवऱ्याने मला पिकअपमधून उतरताना पाहिलं आणि चहाचा ग्लास खाली ठेवला. पंक्चरवाल्याने ट्यूब काढली, हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात फिरवायला सुरुवात केली. एकही बुडबुडा येईना. तो म्हणाला, "ह्यात पंक्चर न्हाय."

पिकअपवाल्याला मी म्हटलं होतं की तुम्ही निघा आता. पण एकट्या बाईमाणसाचं काम पुरं झाल्याशिवाय जाणं त्याला बरं वाटेना, आणि नवरा आल्यावरही तो उभाच राहिला. पंक्चरवाल्याला म्हणाला, "नीट बघ की. ताई काय खोटं बोलत्यात व्हय?"

ट्यूब पुन्हा घमेल्यात फिरली. मी पाण्याकडे बघत होते. नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. माझा नवरा रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबणारा, मागच्यांच्या शिव्या खाणारा माणूस. तो म्हणाला, "व्हॉल्व्ह ढिला असेल. मागे एकदा असंच झालं होतं."

मागे कधीच असं झालं नव्हतं. पिकअपवाल्याचं समाधान झालं. त्याने काहीही घेतलं नाही, चहासुद्धा. उशीर झाला म्हणाला आणि गेला.

आम्ही घरी आलो. सायकली आत घेताना नवरा एवढंच म्हणाला, "गिअर बदलून घे."

मी त्याच आठवड्यात बदलून घेतले. मागे चौतीस दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे चक्रांचा अख्खा संच. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या जुन्या डिरेलरचा हात तेवढ्या मोठ्या चक्राला पुरत नाही, म्हणून लांब हाताचा नवा. चेनही लांब. दुकानदाराने विचारलं, चढ जड जातो का? मी म्हणाले, आमच्या यांच्यासारखंच असावं म्हणून. म्हणजे तिथंही मी तेच केलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच चढ. नवा गिअर इतका हलका होता की पहिल्या वळणावर मला हसू आलं. दुसऱ्या वळणाच्या पुढे पिकअप उभी होती आणि तो उतारावर गवत कापत होता. आम्हाला बघून विळा घेऊन वर आला. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत डेअरीचं संकलन बंद झालं होतं, म्हणून सगळं दूध घरीच राहिलं, हे त्याने गंमत म्हणून सांगितलं. त्याच्या मालकिणीने दही लावलं. "चार दिस नुसता दही-भात खाल्ला की. नातवंडं पळायला लागली दही बघून." मग माझ्या चाकाकडे बघून त्याने विचारलं, "व्हॉल बरा हाय नव्हं आता?"

हो म्हणून निघता आलं असतं. पाय पायडलवरच होता. नवरा शेजारी उभा होता, आणि तो पुन्हा माझ्या मदतीला येईल अशी मला भीती वाटली.

"त्या दिवशी पंक्चर नव्हतं," मी म्हणाले. "मला चढ चढवत नव्हता. हवा मी सोडली."

तो हसला नाही. त्याने माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे पाहिलं.

"पावणं, तुमास्नी ठाऊक हुतं?"

नवऱ्याने मान खाली घातली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याची मान अशी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती.

"चढवत न्हाय एवढंच म्हणायचं की," पिकअपवाला म्हणाला. "सोडलं नसतं व्हय वर?" आणि उतारावर परत गेला. मी माफ करा म्हणाले ते त्याच्या पाठीला.

मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि निघाले. पाय भराभर फिरत होते, सायकल रांगत होती. नवरा मागे होता. खाली विळा पुन्हा गवतावर चालू झाला. जड गिअरवर असते तर एका दमात वळण गाठून तो आवाज मागे टाकला असता. या गिअरवर तो बराच वेळ ऐकू येत राहिला.