डावीकडचा रकाना

"काका, चपला हातात नको. डोक्यावर घ्या. डोक्यावर जास्त भारी दिसेल."

दिग्दर्शक हे माझ्या वडलांना म्हणाला. आमच्याच गावात, रहिमतपूरच्या अलीकडे, वरच्या आळीच्या फरसबंद वाटेवर, भर दुपारी. आबा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अनवाणी उभे होते. हातात कुणाच्या तरी जुन्या वहाणा, मुद्दाम माती चोपडलेल्या. त्यांनी त्या डोक्यावर ठेवल्या. आणि मी, त्या माहितीपटाची लेखिका, संहिता छातीशी धरून कॅमेऱ्यामागं गप्प उभी.

गप्प का, तर मला ते काम हवं होतं. साताऱ्यात एका केबल वाहिनीवर मी बातम्यांच्या पट्ट्या लिहायचे. पाणीकपात, बाजारभाव, वाढदिवसाच्या शुभेच्छा. लिहायचे होते माहितीपट. पुण्यातल्या कंपन्यांना लिहिलेलं पाठवायचे, उत्तर यायचं नाही. फोन आलाच तर आधी विचारायचे, मॅडम, आडनाव काय म्हणालात? शेवटी एका कंपनीनं जुन्या वाटांवरच्या मालिकेतला एक भाग मला दिला. टीव्हीवर नाव येणार होतं. आमच्या बौद्धवस्तीतलं आडनाव गावातल्या कुठल्या पाटीवर कधी लागलं नव्हतं. आईनं सगळ्या बहिणींना आधीच फोन करून टाकले होते.

माहितीपटाची संहिता दोन रकान्यांत असते. डावीकडं काय दिसणार, उजवीकडं काय ऐकू येणार. मी दोन्ही भरले. या वाटेवरून माझा आजा पायातलं काढून, डोक्यावर घेऊन, मान खाली घालून जायचा. जातीमुळं. गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. पण माझा भाग तिथं संपत नव्हता. आबा फौजेतून पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा याच वाटेवरून लष्करी बूट घालून चालले. देवळापासून चावडीपर्यंत, आणि परत. दारं उघडली, माणसं बाहेर आली, शिव्या झाल्या. आबा थांबले नाहीत. आजा भीतीनं त्या दिवशी जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानंही वहाणा पायातच ठेवल्या. माझी गोष्ट ही होती.

म्हणून शूटिंगच्या दिवशी आबांनी सकाळीच पेटीतून ते बूट बाहेर काढले, पॉलिश केले, इस्त्रीचा शर्ट घातला. दिग्दर्शकानं बूट पाहिले आणि हसला. मला बाजूला घेऊन म्हणाला, बुटांचा प्रसंग काढलाय. भाग लांबतोय. शिवाय लोकांना टीव्हीवर एवढा राग नको असतो, डोळ्यांत पाणी यायला हवं. आजोबांचा प्रसंग नाट्यरूपात घेऊ. आणि आजोबा म्हणून तुझे वडीलच उभे करू, चेहरा काय अस्सल आहे! मी म्हणायला गेले, पण त्यांनी तर आयुष्यात कधी...

"उजवा रकाना तुझा. डावा माझा," तो म्हणाला. "पहिलंच काम आहे ना? शिकून घे."

आबांना कसं सांगावं कळेना. त्यांना न सांगता कळलं. "तुझं नाव येनार हाय न्हवं?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. ते पारावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मला तेव्हाच ओरडायला हवं होतं.

एकदा चालले. कुणाची तरी सावली पडली म्हणून परत. मान पुरेशी खाली गेली नाही म्हणून परत. जन्मभर ताठ चाललेला माणूस, मान जाईना खाली. फरशी तापली होती. पाय भाजतायत हे दिग्दर्शकाला दिसलं. म्हणाला, छान, चेहऱ्यावर येतंय.

ओट्यावर तात्या बसलेले. वरच्या आळीतले, शाळेत आबांच्याच वर्गात होते. सगळ्या युनिटला त्यांनी चहा पाजला होता, आम्हा दोघांना विचारलं नव्हतं. मोबाईलवर आबांचं शूटिंग करत होते.

"हवालदार, मान आनखी खाली घाला की. तुमचं वडील लय झ्याक वाकायचं. म्या बघितलंय."

ओट्यावरची माणसं हसली. दिग्दर्शकही हसला.

आबा वाटेच्या मधोमध थांबले. तात्यांकडं त्यांनी बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. ते फक्त विचारत होते, अजून किती?

"कट," मी म्हणाले.

तिथं तो शब्द एकट्या दिग्दर्शकाचा. कॅमेरामननं सवयीनं कॅमेरा बंद केला. मी पुढं गेले, आबांच्या डोक्यावरच्या वहाणा उतरवल्या आणि तात्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवल्या. बूट आणले. घाला आबा, म्हटलं. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला की लेखकानं सेटवर बोलायचं नसतं, आणि आता तुझं नाव येणार नाही. नाही तर नाही. आबांनी सावकाश नाड्या आवळल्या. मग आम्ही दोघं चावडीपर्यंत चालत गेलो. बूट वाजत होते. युनिटच्या माणसानं माईक बंद करून ठेवला होता.

तो भाग पुढं लागला. लेखक म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. कुठल्या तरी गावचा एक म्हातारा डोक्यावर वहाणा घेऊन चालत होता. त्याची मान अगदी हवी तशी खाली होती. वरून माझीच वाक्यं ऐकू येत होती, जशीच्या तशी, एका गोड आवाजात. आईनं टीव्ही बंद केला.

"त्याला कट म्हननारं कुनी न्हवतं गं," आबा म्हणाले.

मला चीड आली. अजून आहे, आणि ती जायला नको आहे. आमचे भाजलेले पाय यांना हवेत. आमचे अश्रू हवेत, आमची वाक्यंसुद्धा हवीत. बूट तेवढे नकोत. यांना दया करता यावी म्हणून आमची मान खाली लागते. माझ्या लिखाणातून ती आता मिळणार नाही.

सांगलीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून मी जुना कॅमेरा घेतलाय. परत लिहायला बसलेय. या वेळी डावा रकाना आधी भरला. वाट. बूट. देवळापासून चावडीपर्यंत, आणि परत. उजवीकडं एकही शब्द लिहिलेला नाही, तिथं बूट वाजतील.

तात्यांना निरोप धाडलाय. शूटिंग त्याच वाटेवर आहे, ओट्यावर येऊन बसा. या वेळी तुमचाही चेहरा घेणार आहे.