पात्याची बाजू

‘हात लांब कर. लिंबू नीट ठेव. हलू नको,’ वस्ताद म्हणले.

मी उजवा तळहात पुढं केला. समोर पाटलाचा नातू, हातात पट्टा. कोपरापर्यंत लोखंडी मूठ आन् पुढं लांबलचक लवतं पातं. त्येला तालमीत येऊन चार महिने झाल्ते. मला तीन वर्षं. खंडेनवमी व्हती. हत्यारांची पूजा नुकतीच उरकली व्हती, गाव जमला व्हता. पूजा चालू व्हती तवा मी उंबऱ्याबाहेर उभा.

त्येनं पट्टा फिरवला. लिंबू तुटलं, त्याच्यासंगं माझं कातडं बी. जखमेत रस गेला. डोळ्यांपुढं अंधारी आली पण हात हलवला न्हाई. कोणी तरी हसून म्हणलं, ‘त्येला काय व्हतं, सवय हाय त्येला.’

गाव आमचं अंबडकडलं. दुष्काळात मी खडी फोडायला गेल्तो, तिथं वस्तादांनी माझं मनगट पाह्यलं. ‘तालमीत ये,’ म्हणले. आमच्या बौद्धवाड्यातून तालमीत कोणी गेलं नव्हतं. माय म्हणली, ‘जपून राह्य रे बाबा.’ माझे पाय जमिनीवर कुठं व्हते ऐकायला.

वस्तादांनी जीव लावला, खोटं कशाला बोलू. पवित्रे, म्हंजे पाय कसे टाकायचे ते, स्वतः शिकवले. ताप आला तर वाड्याच्या तोंडापर्यंत येऊन विचारायचे. फक्त हत्यार देत नव्हते. ‘आधी रिकामा हात तयार व्हऊ दे,’ म्हणायचे. मला ते बराबर वाटायचं. घरी तुरीची काडी घेऊन पट्ट्याचे हात करायचो. तालमीत लिंबू धरायचो. मला वाटायचं ही शेवटची पायरी हाय. ज्याचा हात पात्याखाली हलत न्हाई, त्यालाच मूठ भेटती. मायला येऊन सांगायचो, आज बी हललो न्हाई. असा येडा व्हतो मी.

वस्तादांनी दुसरं लिंबू पुढं केलं. मी घेतलं, आन् विचारलं, ‘वस्ताद, माझ्या हातात पट्टा कवा?’



वस्ताद रागावले असते तर बरं झालं असतं. मायेनं म्हणले, ‘पोरा, समजून घे. तू मूठ धरली तर मी पूजा कशाची करू?’

‘आन् आत्ता माझ्या हाताला लागला त्यो? माझं रगत हाय त्येला.’

‘ते पात्याचं. पातं धुतलं की झालं. मूठ येगळी.’

तीन वर्षं. पाऊल बाकीच्या पोरांसारखं, मनगट त्यांच्याहून पक्कं, आन् माझ्या वाट्याला पात्याची बाजू. मला शिकवलंच नव्हतं. कापताना हलू नये असा एक हात तयार केल्ता. मला रडू आलं. चारचौघांत आलं. लिंबू जमिनीवर ठेवलं, ‘मी धरणार न्हाई’ म्हणलो आन् घरी आलो. मायनं जखमेत हळद दाबली.

महिन्यानं वस्ताद स्वतः आले. अंबडला खेळ दाखवायचा व्हता. पाटलाच्या नातवासमोर कोणी हात धरायला तयार नव्हतं.

‘तुझ्यावाचून अडलंय रे,’ म्हणले. थकल्यासारखे दिसले. माझा जीव तुटला. तो माणूस मला बापासारखा व्हता.

‘मूठ देता का, वस्ताद?’

त्यांनी खाली पाह्यलं.

‘मंग अडू द्या.’

ते पाठमोरे चालत गेले. पळत जाऊन पाय धरावेत असं मनात आलं. बिलकुल हललो न्हाई. दाराच्या चौकटीला धरून उभा राह्यलो आन् पोटभर रडलो.

त्यानंतर मी लाठी दुसरीकडं शिकलो, भांडून शिकलो. आता आमच्या वाड्यात शिकवतो, पोरींना बी. आलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी लाठी देतो. आन् कोणी वाकलं तर खांद्याला धरून उभं करतो. मी कोणाच्या पाया पडत न्हाई. माझ्या बी कोणाला पडू देत न्हाई.