कारणाचा रकाना

आमच्या चाकणच्या कंपनीत रजेचे अर्ज घेणारे भाऊसाहेब कारणाचा रकाना कुणालाच भरू देत नसत. पेनचं टोपण दातात धरून ते आधी माणसाचा चेहरा निरखायचे आणि मग स्वतःच लिहायचे.

मध्यंतरी मला झोप लागेना, लाइनवर हात थरथरायचे. डॉक्टरांनी मानसिक ताण म्हणून पंधरा दिवस विश्रांती सांगितली. भाऊसाहेबांनी ती चिठ्ठी पाकिटात बंद केली आणि अर्जावर 'कंबरदुखी' लिहिलं. म्हणाले, "अर्ज धा हातांतनं जातोय, राव. कंबरंला कुनी हसत न्हाई."

खरंच कुणी हसलं नाही. परतल्यावर महिनाभर लाइनवरची पोरं मला जड पेटी उचलू देत नव्हती, आणि मीही वाकताना कंबरेवर हात ठेवायचो. लाज वाटायची, पण भाऊसाहेबांचा राग कधी आला नाही.

परवा त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं. दातात टोपण नव्हतं. समोर त्यांचा स्वतःचा रजेचा अर्ज होता. कारणाचा रकाना तेवढा कोरा.

"कंबर लिहू, भाऊसाहेब?" मी पेन घेत विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "तुझं हुतं तेच हाय. खरं लिव. माझ्या हातानं लिववंना."