चाकांची ओळख परेड

ज्या चाकातली हवा जात होती ते सोडून मी दुसऱ्याच चाकात हवा भरत राहिलो. रोज. आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त चिडून.

माझ्या गाडीच्या प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या बुडाशी, सुपारीएवढा एक सेन्सर बसवलेला आहे. चाकात हवा किती आहे ते तो गाडीला कळवतो. हवा कमी झाली की स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागतो, शेजारी गाडीचं बारकं चित्र उमटतं आणि त्यातलं दोषी चाक लाल होतं. आकडा-बिकडा काही नाही, नुसतं बोट दाखवायचं. गाडी घेताना सेल्समनने याचं इतकं कौतुक केलं होतं, की मला वाटलं हिला भूक लागली की ही स्वतःच पंपावर जाऊन हवा भरून येईल.

टायर सारखे झिजावेत म्हणून घोडेगावात एकदा पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घेतली, तिथून भानगड सुरू झाली. चाकांनी जागा बदलल्या, पण ते गाडीला कुणी सांगायचं? तिच्या लेखी पुढचं ते पुढेच आणि मागचं ते मागेच. कोणता सेन्सर आता कुठे बसलाय, हे तिला नव्याने शिकवावं लागतं. मी नगरच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

"काका, त्याला मशीन लागतं," पलीकडचा तरुण म्हणाला. "गाडी दिवसभर ठेवून जावी लागेल."

"केवढं मशीन असतं?"

"हातात धरायचं असतं. पण तुम्ही नका त्यात पडू, काका."

आता मी शाळेत कवायतीचा मास्तर होतो. पोरांची अख्खी पिढी मी 'दाहिने मूड', 'बाये मूड' करून वळवलेली. ज्याने आयुष्यभर डावं-उजवं करून पोट भरलं, त्याला हा कालचा पोरगा म्हणतो, नका पडू. शिवाय 'काका'. हल्ली कुणाला गप्प बसवायचं असलं की आधी काका म्हणतात. फोन ठेवला आणि त्याच रागात ते हातातलं मशीन घरपोच मागवलं. रागात केलेली खरेदी आमच्या घरात नवी नाही. माळ्यावर गवत कापायचं यंत्र आहे, आणि आम्हाला अंगण आहे ते फरशीचं.

मशीन आलं. टीव्हीच्या रिमोटला बोटभर शिंग फुटावं तसं दिसायचं. ते चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरायचं, बटण दाबायचं, की आतला सेन्सर जागा होऊन आपली हवा सांगतो. गाडीला शिकवायचं असेल तर आधी तिला शिकायच्या तयारीत बसवायचं, मग एकेका चाकापाशी जाऊन सेन्सर जागा करायचा. गाडी हॉर्न देऊन 'कळलं' म्हणते. मग पुढचं चाक. चाकं कोणत्या क्रमाने घ्यायची, ते सोबतच्या कागदावर होतं. गाडीचं चित्र होतं आणि भोवती गोल बाण होता. बाण आहे हे मी पाहिलं. बाण कुठल्या दिशेला आहे हे पाहण्याची मला गरज वाटली नाही.

अंगणात गाडी उभी केली. ओट्यावर माझी आत्या तूर निवडत बसली होती. वडिलांची धाकटी बहीण. आमच्याकडेच राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला एक पुरता पिकलेला. तूर निवडते म्हणजे तूर आणि खडे दोन्ही चाचपून एकाच सुपात परत टाकते. मागून बायको पुन्हा निवडते. ऑपरेशनचं नाव काढलं की आत्या तोंड फिरवायची. बायकोने तिला कसंबसं राजी केलं आणि नगरच्या दवाखान्यात पुढच्या गुरुवारची सकाळची वेळ मिळाली. आत्याने अट घातली ती मला समोर बसवून.

"एकदाच येनार मी. त्या दिवशी नेलं तर नेलं. गाडीत काय खोट निघाली आन् माघारी फिरावं लागलं, तर देवानंच न्हाई म्हनलं आसं समजीन. मंग मला परत इचारायचं न्हाई."

डॉक्टर आधीच म्हणाले होते, आणखी थांबलात तर त्या डोळ्याचं काही खरं नाही. म्हणजे एका डोळ्याची जबाबदारी माझ्या चार चाकांवर आली होती. म्हणून तर मी एवढ्या निगुतीने यंत्र घेऊन अंगणात उतरलो होतो.

पुढच्या डाव्या चाकापाशी यंत्र धरलं. गाडीने हॉर्न दिला. आत्या दचकली. तिथून मी मागच्या डाव्या चाकाकडे गेलो, मग मागचं उजवं, मग पुढचं उजवं. शाळेत मैदानाला फेरी मारायची ती मैदान डाव्या हाताला ठेवून. माझे पाय दुसऱ्या बाजूने फिरतच नाहीत. प्रत्येक चाकापाशी वाकायचं, हॉर्न वाजला की ताठ व्हायचं आणि मनातल्या मनात पुढच्या चाकाला 'हजर' म्हणायला लावायचं. मला तर ती ओळख परेडच वाटली.

फेरी पुरी होत आली तशी आत्या ओट्यावरून म्हणाली, "कोन गेलं रं?"

"कुणी नाही गं. दूधवाला गेला आत्ता रस्त्याने."

"त्यो व्हय? काल तर बरा हुता," आत्या म्हणाली आणि सुपाकडे वळली. मी यंत्राच्या नादात. त्या बोलण्यात काही चमत्कारिक आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दिवा लागला. चित्रात पुढचं उजवं चाक लाल. मी पंपावर नेऊन त्यात हवा भरली. संध्याकाळी पुन्हा लाल. पुन्हा भरली. सकाळी दिवा हजर. असे चार दिवस गेले. यंत्र काढून त्या चाकाला लावलं, तर यंत्र म्हणे हवा भरपूर आहे, पाहिजे त्यापेक्षा जास्तच आहे. गाडी म्हणे कमी. दोघांतलं एक खोटं बोलत होतं. यंत्र मी माझ्या हाताने घेतलेलं, तेव्हा ते खोटं बोलणार नाही. म्हणजे खोटारडी गाडी. गाडी खोटारडी, कारण सर्व्हिस सेंटरने मागच्या खेपेला तिच्या वायरींत काहीतरी घोळ घातला असणार. हे सगळं मी पंपावर उभ्या उभ्या सिद्ध केलं आणि तसाच तडक नगरला गेलो.

तो तरुण काउंटरमागेच होता. मी यंत्र त्याच्या समोर आपटलं.

"हे बघा. चाक टणक आहे. तुमची गाडी म्हणते हवा नाही. आता बोला."

"काका, सेन्सर कुणी शिकवले?"

"मी. का? परवाना लागतो?"

"तसं नाही. चारही चाकं एकदा तपासून घेऊ ना. तासभर गाडी ठेवा."

"ठेवा, ठेवा, ठेवा. तुम्हाला दुसरं काही येतं का? दुखतंय बोट आणि तुम्ही म्हणता पेशंट भरती करा."

"काका, तुम्ही बसा. पाणी घ्या."

"मला पाणी नको. एका चाकाची तक्रार आहे, चारही तुम्हाला कशाला पाहिजेत?"

मी इतक्या वरच्या पट्टीत बोललो, की आतले मेकॅनिक हात पुसत बाहेर आले. मैदानावर मावणारा आवाज होता माझा, तो काचेच्या खोलीत घुमला. एका तासाचं काम होतं. गुरुवार अजून दोन दिवसांवर होता. गाडी ठेवली असती तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण मी यंत्र उचललं, दार ढकललं, ते दार ओढायचं निघालं, ते ओढलं आणि निघून आलो.

घरी येऊन गाडी नेहमीसारखी डावी बाजू गोठ्याच्या भिंतीला लावून उभी केली. मी उजव्या बाजूने उतरलो. उतरताना पुढच्या उजव्या चाकाला लाथ घातली. चाक दगडासारखं होतं, अंगठा सुजला.

गुरुवारी सकाळी निघताना दिवा चालूच. बायको म्हणाली, "अहो, हा दिवा काय म्हणतोय ते एकदा कुणाला तरी दाखवा."

"तो खोटं बोलतोय."

"दिवा कशाला खोटं बोलेल? तुमच्याशी त्याचं काय वैर?"

समोरच्या आरशावर तिने कधीतरी काढून लावलेली लाल टिकली होती. ती मी नखाने सोडवली आणि त्या दिव्यावर चिकटवली. टिकली बरोबर बसली. दिवा दिसेनासा झाला. मागच्या सीटवर आत्या नव्या लुगड्यात, मांडीवर पिशवी, मुठीत अंगारा. गाडी हलताच म्हणाली, "ही लई उड्या मारती रं आज."

मारणारच. पुढचं उजवं चाक मी आठवडाभर फुगवत आणलं होतं.

पांढरीच्या पुलाच्या अलीकडे गाडी मागून हेलकावे खाऊ लागली. मग खडखड. मी कडेला घेतली, उतरलो, सवयीने आधी पुढच्या उजव्या चाकाकडे गेलो. ते टुणटुणीत. मागे वळून दुसऱ्या बाजूला गेलो, तर मागच्या डाव्या चाकाचा टायर रिमखाली चिंधीसारखा लोळत होता. त्यात खिळा होता, गंजलेला, बऱ्याच दिवसांचा मुक्काम असलेला.

मला जो राग आला तो लिहिता येण्यासारखा नाही. त्या खिळ्याचा आला. सर्व्हिस सेंटरचा आला, कारण ते जवळ नव्हतं. डिकीतून स्टेपनी काढली, जॅक लावला, बोल्टला पाना लावून त्यावर उभा राहिलो. बोल्ट हलेना. मी त्यावर नाचलो. ऊन चढत होतं. गाडीतून आत्याचा आवाज आला, अगदी शांत.

"सूनबाई, म्हनलं हुतं ना मी. देवाला न्हाई मंजूर. चल माघारी."

"आत्याबाई, थांबा जरा."

"थांबायचं काय त्यात? फिरव म्हना गाडी."

गाडी फिरण्यासारखीही नव्हती, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. बायकोने मात्र वाट पाहिली नाही. ती पदर खोचून सरळ रस्त्यावर उतरली आणि घोडेगावच्या बाजूने येणाऱ्या एका पिकअपला हात केला. मागे शेळ्या भरलेल्या. बाजारातून घेऊन नगरला निघालेला व्यापारी होता, पांढरी दाढी, डोक्याला टोपी. त्याने बायकोचं ऐकून घेतलं, माझ्या नाचाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चला खालाजान, बसा पुढं. मास्तरांचं चालू द्या."

आत्या गाडीतून उतरेना. तो पुन्हा म्हणाला, "माझ्या आईचा डोळा तिथंच केला. घरी आली आन् पयल्यांदा मलाच म्हनली, दाढी कर."

आत्या हसली. हसली तिथेच काम झालं. दोघी केबिनमध्ये बसल्या, शेळ्या ओरडल्या आणि पिकअप गेली. माझी शहाणी, सेन्सरवाली गाडी मागे राहिली आणि मी तिच्यापाशी.

मग उरलो मी, पाना आणि यंत्र. काय वाटलं कुणास ठाऊक, यंत्र त्या लोळलेल्या चाकाच्या व्हॉल्व्हला लावलं. यंत्र म्हणालं, हवा जवळजवळ नाहीच. म्हणजे सेन्सर जिवंत होता आणि खरं बोलत होता. मग त्याने गाडीला का नाही सांगितलं? आत जाऊन टिकली सोलली. चित्रात अजूनही पुढचं उजवं चाक लाल. मागच्या डाव्याचं दुःख गाडी पुढच्या उजव्याच्या नावावर मांडत होती.

कागद अजून कप्प्यात होता. तो पहिल्यांदा नीट पाहिला. पुढच्या डाव्या चाकावरून बाण निघत होता तो पुढच्या उजव्याकडे, देवळाला प्रदक्षिणा घालतात तसा. मी त्याच्या उलट गेलो होतो. दुसऱ्या नंबरला मी मागचं डावं चाक उभं केलं आणि गाडीने मुकाट त्याला पुढचं उजवं म्हणून लिहून घेतलं. ज्याला आयुष्यभर फक्त डावं-उजवं शिकवायचं होतं, त्याने चार विद्यार्थ्यांतले दोन चुकीच्या जागी उभे केले. गाडी दर दिवशी खरं सांगत होती, मी शिकवलेल्या भाषेत. रागवायला आता आसपास माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी बोल्टला एक शिवी दिली आणि पुन्हा पान्यावर उभा राहिलो. या वेळी तो सुटला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आत्याचं ऑपरेशन आटपलं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात बिस्किट. अंगाला शेळ्यांचा वास. शेजारी नर्स गोळ्या कशा घ्यायच्या ते बायकोला समजावत होती. ती गेल्यावर मी बायकोला हळूच, टेबलावर गोळ्यांचं पाकीट गाडी म्हणून ठेवून, भोवती बोट फिरवून झाला प्रकार सांगितला. सर्व्हिस सेंटरचीही थोडी चूक आहेच, असं म्हणून पाहिलं. बायकोने पाकीट उचलून पिशवीत टाकलं. आत्या बोलली.

"म्हंजी तू आंगनात उलटा फिरला व्हय? तवाच इचारलं हुतं की मी, कोन गेलं म्हनून. उलटा फेरा मढ्याभवती घालत्यात. मला वाटलं, कुनी तरी वारलं आन् तू त्या फेऱ्याचा सराव करतुयास. तू म्हनला दूधवाला गेला. मी आठ दिस त्याच्या घरच्यांसाठी हळहळतेय."

"तुला दिसलं होतं मी कसा फिरतोय ते?"

"धुरकट दिसलं. पर दिसलं."

तेवढ्यात नर्स परत आली आणि दुसऱ्या डोळ्यासाठी कधीची तारीख टाकू म्हणाली. बायकोने आशेने आत्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आत्याने बिस्किट संपवलं, हात झटकले आणि उघड्या डोळ्याने माझ्याकडे वळली.

"ती तारीख ह्याच्या नावावर टाका बाई. ह्याला माझ्यापरीस कमी दिसतंय."